ओकुदानी वाडीकडून

हिराओका खरं तर मोजे घ्यायला दुकानात शिरला होता. जिन्यापाशी लहान मुलांच्या खेळाच्या बुटांचा ढीग घालून ठेवला होता, त्यातला एक पांढरा, निळ्या पट्टीचा बूट त्यानं का कोण जाणे हातात घेतला. दुकानातली पोरगी हसत पुढे आली. "मुलीसाठी का? किती वर्षांची आहे?" "दहा," तो म्हणाला. "अगंबाई, मग हा कसा होईल? हा बालवाडीतल्या मुलांचा आहे. नंबर काय तिचा?" बूट हिराओकाच्या तळहातावर मावत होता. त्याच्या मनात तिचं पाऊल तेवढंच होतं. मत्स्यालयाच्या ओल्या फरशीवर त्यानं ते शेवटचं पाहिलं, तेव्हापासून ते वाढलंच नव्हतं. "विचारून सांगतो," तो म्हणाला आणि बाहेर पडला. मोजे राहूनच गेले.

विचारून सांगतो. कुणाला विचारणार होता तो? ओसाकाच्या त्या रस्त्यावर संध्याकाळची माणसं त्याच्या दोन्ही अंगांनी वाहत होती आणि तो सिग्नलपाशी उभा राहून हे एक वाक्य तोंडात घोळवत होता. घटस्फोट झाला तेव्हा भांडण असं काही झालंच नव्हतं. चिसातो एवढंच म्हणाली होती की, तू घरी असलास तरी नसतोस, मग नसलास तर काय वेगळं होणार आहे. तो तेव्हा एका कंपनीत पंपांचे आराखडे तपासायचा, अजूनही तपासतो. मुलगी आईकडे गेली. महिन्यातून एकदा भेटायचं ठरलं होतं. पहिले काही महिने तो भेटला, मत्स्यालयात, प्राणिसंग्रहालयात, एका हॉटेलच्या काचेआड. मग चिसातो माहेरी गेली, शिमानेच्या डोंगरात, आणि महिन्याचे दोन महिने झाले, दोनाचे सहा. अमुक दिवशी मी भेटायचं बंद केलं असं त्याला सांगता आलं नसतं. तोंडातली गोळी कधी विरघळून गेली ते कळत नाही, तसं ते झालं. चिसातोनं तिथल्याच कुणाशी तरी लग्न केल्याचं त्याला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तेव्हा त्यानं "छान झालं" म्हणून त्या माणसाला बिअर पाजली होती.

पण तिच्या गावचा खेळांचा दिवस त्याला पाठ होता. ऑक्टोबरचा पहिला रविवार. लग्नानंतर दर वर्षी सप्टेंबर सरत आला की चिसातो म्हणायची, "या वर्षी जाऊ या. शाळेचा असतो, पण अख्खं गाव उतरतं मैदानात. म्हाताऱ्यांच्यासुद्धा शर्यती असतात." आणि तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." त्या रविवारी दर वर्षी काही ना काही निघायचंच. आता या वर्षी काहीच निघालं नाही. शनिवारी तो तिकडच्या स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरला आणि सकाळी डोंगरात जाणाऱ्या बसमध्ये बसला. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. बांधांवर लाल लिली फुलून काळवंडायला लागल्या होत्या, कापलेलं भात बांबूच्या आडव्या काठ्यांवर उलटं टांगलं होतं. वळणामागून दोनदा बार ऐकू आले. "झालं नक्की, खेळ होणार," ड्रायव्हर ते बार ऐकून स्वतःशीच बोलला, "पाऊस नाही आज."

मैदान त्याच्या कल्पनेपेक्षा लहान होतं. चुन्यानं आखलेली लंबवर्तुळं, वर दोऱ्यांना लावलेली देशोदेशींची झेंडुली, कडेनं वाडीवाडीचे तंबू आणि तंबूंत पसरलेल्या निळ्या ताडपत्र्या. शाळेतली मुलं मोजकीच उरलेली, त्यामुळे निम्मे खेळ गावकऱ्यांचेच. हिराओका दोरीच्या बाहेर एका चेरीच्या झाडाला टेकून उभा राहिला. आपल्याला बघताक्षणी ती ओळखू येईल असं तो धरूनच चालला होता. पण पांढरे सदरे आणि लाल टोप्या घातलेल्या मुली रांगेत आल्या आणि तो एकीवरून दुसरीवर नजर फिरवत राहिला. सगळ्यांचे गुडघे सारखेच काळे, सगळ्यांच्या वेण्या सारख्याच. या एका मुलीचं नाक त्याच्या आईसारखं होतं. पण मग त्या दुसरीचंही होतं. एक मुलगी वाकून बुटाची नाडी बांधत होती, तिच्या मानेवरचा खळगा बघून त्याचा जीव तिच्याकडे धावला आणि तेवढ्यात तिनं "आजी" म्हणून कुणा भलत्याच बाईला हात केला. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, असं त्याला वाटलं. स्वतःची मुलगी आपण अंदाजानं निवडतो आहोत, बाजारात कलिंगड निवडावं तशी.

लाउडस्पीकरवर एक पोरगा घसा फोडून नावं वाचत होता. चौथीच्या मुली. एकेक नाव आणि एकेक हात वर. "मोरिवाकी शिओरी!" आणि रांगेतली तिसरी, जिच्याकडे त्यानं एकदाही नीट पाहिलं नव्हतं, ती हात वर करून "हजर!" असं ओरडली. शिओरीचं आडनाव बदललेलं असणार हे त्याला माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि भर उन्हात मैदानभर ऐकणं निराळं. बार झाला, मुली सुटल्या. त्याला शर्यत दिसलीच नाही. तो फक्त तिची टोपी मागे उडून गळ्यातल्या नाडीवर लोंबताना बघत राहिला. ती दुसरी आली, की तिसरी, हेही त्याला कळलं नाही. टाळ्या वाजवाव्यात हे सुचेपर्यंत पाचवीच्या मुली उभ्या राहिल्या होत्या.

आता परत जावं, असं त्यानं ठरवलं. बघायला आलो होतो, बघून झालं. तेवढ्यात मागून आवाज आला. "अहो चष्मेवाले! तुम्ही कुठल्या वाडीचे?" कपाळाला पिवळी पट्टी बांधलेला, वाळक्या खारकेसारखा म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा होता. "मी... पाहुणा आहे," हिराओका म्हणाला. "मग तर झालंच! पाहुण्याला वाडी नसते, म्हणजे तो आमचा. मी ओचिआई, ओकुदानीचा. रस्सीखेचीच्या दोरीला एक माणूस कमी पडतोय. पुतण्यानं काल भाताची पोती उचलली, आज आडवा पडलाय." "मला जमणार नाही हो, मी टेबलावर बसून काम करणारा माणूस." "वजन तर आहे ना तुम्हाला? बस्स. दोरीला अक्कल लागत नाही." समोरच्या तंबूतून कुणीतरी ओरडलं, "ए ओचिआई, भाड्यानं माणसं आणायला लागलास काय!" "भाडं कुठलं?" म्हातारा उलट ओरडला, "जेवणावर आणलाय!" मैदानभर हशा पिकला आणि त्या हशात हिराओकाच्या कपाळाला कधी पट्टी बांधली गेली ते त्याला कळलंसुद्धा नाही.

दोरी मनगटाएवढी जाड होती आणि पेंढ्यासारखी टोचत होती. त्याच्या पुढचा माणूस रुंद पाठीचा, बुटका, गळ्यात पंचा. तो मागे वळून म्हणाला, "पहिल्यांदाच ना? हातानं ओढू नका, उगाच सोलून निघतील. टाच रोवायची आणि नुसतं मागे पडायचं. माझ्या मानेकडे बघत राहा." आवाज मऊ होता. मग तंबूतून मुलांचा गिल्ला झाला आणि त्या गिल्ल्यातून मघाशी हजर म्हणालेला आवाज सरळ त्याच्या कानात शिरला. "बाबा, मागे पडा! बाबा, मागे!" हिराओकाचे हात एकदम दोरीवर आवळले गेले. पुढच्या माणसानं एक हात उंच करून त्या आवाजाला उत्तर दिलं आणि पुन्हा दोरी धरली.

तर हा तो. हिराओकाच्या डोळ्यांपुढे त्याची मान होती, उन्हानं रापलेली, आडव्या सुरकुत्यांची, केसांत भाताचं एक फोलपट अडकलेलं. इतकी वर्षं त्यानं या माणसाची कल्पना करायचं टाळलं होतं आणि तरीही नकळत एक माणूस बनवून ठेवला होता, उंच, हसरा, जरा उद्धट. हा तसा नव्हता. शिटी झाली. दोरी ताठ झाली आणि सगळ्या माणसांची मिळून एकच पाठ झाली. "हो... स्सा! हो... स्सा!" ओचिआई बाजूनं नाचत ओरडत होता. हिराओका मागे पडला, टाच रोवली, पुन्हा मागे पडला. आपण कुणाच्या बाजूनं ओढतो आहोत हा विचार आला आणि दोरीनं तो लगेच पुसून टाकला. ऑफिसात, घरी, कुठंही त्यानं असं सगळं अंग टाकून कधी काही केलं नव्हतं. पहिला डाव गेला, दुसरा आला. तिसऱ्या डावात समोरचे एकाएकी सैल झाले आणि ओकुदानीची अख्खी रांग मागच्या मागे कोसळली. पुढचा माणूस धप्पकन हिराओकाच्या छातीवर येऊन पडला. घामाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास आला. त्याचं सगळं वजन क्षणभर हिराओकाच्या फासळ्यांवर होतं आणि दोघंही हसत होते, कारण दुसरं काही करण्याइतका श्वास दोघांतही नव्हता. "लागलं नाही ना?" त्या माणसानं हात देऊन त्याला उठवलं. "मी मोरिवाकी." हिराओकानं मान लववली. नाव सांगायची पाळी त्याची होती. तेवढ्यात कुणीतरी मोरिवाकीला खांद्यावर थाप मारून ओढून नेलं.

बक्षिसांच्या टेबलामागे चौथी-पाचवीच्या मुली उभ्या होत्या. रांग सोडून जावं असं त्याच्या मनात आलं, पण मागून ओचिआई ढकलत होता. ती रांग शिओरीच्याच पुढ्यात संपत होती. "अभिनंदन," ती कुणीतरी पढवल्यासारखी म्हणाली आणि दोन्ही हातांनी कपडे धुण्याच्या पावडरचा डबा पुढे करून वाकली. "फार मेहनत घेतलीत तुम्ही." तुम्ही. हिराओकाही वाकला. वर बघितलं तेव्हा ती त्याच्या तळहातांकडे बघत होती. "तुमचे हात सोललेत. तिकडे नळ आहे, धुऊन घ्या. तुम्ही कुणाकडे आलात?" "कुणाकडे नाही. असाच बघायला आलो." "लांबून?" "ओसाकाहून." तिचे डोळे मोठे झाले. "माझा जन्म ओसाकाचा! पण मला तिथलं काहीच आठवत नाही." कुणालाही सांगतात तसं तिनं ते सांगून टाकलं आणि पुढचा डबा उचलला. "शिओरी, गप्पा नंतर गं," ओचिआई म्हणाला, "म्हातारा उन्हात वाळतोय." ती हसली. हसताना तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसला. हा दात तेव्हा नव्हता. तेव्हा दुधाचे होते.

जेवणाच्या वेळी ओकुदानीच्या ताडपत्रीवर त्याला हाका आल्या, पण "आलोच" म्हणून तो नळाकडे गेला आणि तिथेच व्यायामशाळेच्या मागच्या पायरीवर बसून राहिला. पाण्यानं तळहात चुरचुरत होते. भिंतीपलीकडे डबे उघडल्याचे, लहान मुलं रडल्याचे, कुणी कुणाला "हे अंडं खा की, उगाच लाजतोस" म्हणाल्याचे आवाज येत होते. त्या आवाजांत एका जागी तीन माणसं बसली असणार. ती कशी बसली असतील, मध्ये कोण, कुणाच्या ताटलीत कोण काय वाढत असेल, हे तो बघत बसला. भिंत कोरी होती, त्यामुळे सगळं स्पष्ट दिसत होतं. मग ओचिआईची बायको चेस्टनट घातलेल्या भाताचे दोन गोळे आणि बार्लीचा गार चहा घेऊन त्याला शोधत आली. "इथे काय सावलीत लपून बसलात? जेवणावर आणलंय म्हणाले ना आमचे हे. मग जेवा." तो जेवला. चव कळली नाही, पण भूक लागली होती हे मात्र कळलं.

शेवटी सगळ्यांचा नाच असतो. तेवढ्यासाठी मैदानाच्या कडेची दोरी सोडतात आणि बघणारा कुणी उरत नाही. आतलं वर्तुळ एका दिशेनं, बाहेरचं उलट, चार पावलं, एक टाळी, समोर येईल त्याच्याकडे तोंड करून जरा झुकायचं आणि पुढे. हिराओका पावडरचा डबा झाडाखाली ठेवून बाहेरच्या वर्तुळात ओढला गेला. चेहरे येत होते, जात होते. "पाहुणे, उजवा पाय! उजवा!" एक म्हातारी करवादली. चार पावलं, टाळी, आणि समोर चिसातो. तिची टाळी वाजलीच नाही. हात तसेच अर्धवट राहिले आणि गाण्यानं तिला पुढे नेलं. ती बारीक झाली होती, की फक्त केस कापले होते? पुढचे सगळे चेहरे त्याला दिसेनासे झाले. वर्तुळ फिरून परत यायला फार वेळ लागला.

"कधी आलास?" दुसऱ्या फेरीत ती ओठ न हलवल्यासारखं करून म्हणाली. "सकाळी." "तिला काही बोललास?" "नाही. बक्षीस घेतलं तिच्याकडून." पुढे. चार पावलं. शाळेचे मुख्याध्यापक, एक गरोदर बाई, दोन जुळे भाऊ, मोरिवाकी. मोरिवाकीनं त्याच्याकडे बघून ओळखीचं हसून मान डोलावली. हिराओकाला वाटलं, इथेच थांबावं आणि सांगून टाकावं. काय सांगणार पण? त्याच्या पायांनी पावलं मोजली आणि टाळी वाजवली. गाणं दुसऱ्यांदा लागलं.

तिसऱ्या फेरीत चिसातोनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यात राग नव्हता. ताप उतरला का ते बघायला कपाळावर हात ठेवतात तसं ते बघणं होतं. "वाळलायस," ती म्हणाली. "तिला सगळं सांगणार आहे मी. पण मी सांगेन, माझ्या वेळेनं. तू नको." "बरं," तो म्हणाला. गाणं तिथेच संपलं. लोकांनी टाळ्या पिटल्या, वर्तुळं मोडली, आणि ती दोघं समोरासमोर तशीच जरा वेळ उभी राहिली, कारण आता पुढे नेणारं काही नव्हतं. मग तीच वळून गेली.

बसथांब्यावर तो बराच वेळ एकटा बसला होता. मैदानात तंबू उतरवल्याचे लोखंडी आवाज एकेक करून थांबले. कुठेतरी पेंढा जाळल्याचा धूर खोऱ्यात खाली आडवा पसरत होता. एक छोटा ट्रक वळणावर आला, पुढे गेला आणि थांबून मागे आला. "रविवारची संध्याकाळची बस नसते," मोरिवाकी खिडकीतून म्हणाला. "पाटीवर आहे, पण नसते. बसा, स्टेशनपर्यंत सोडतो." हिराओका उठला, पण पुढे झाला नाही. मोरिवाकीनं समोरच्या काचेकडे बघत म्हटलं, "चिसातोनं पाठवलंय. बसा तुम्ही."

ट्रकमध्ये पायाशी दोरखंड आणि पालापाचोळा होता. नदी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे होत होती. "मला बोलता येत नाही फारसं," मोरिवाकी म्हणाला. "काही चुकलं तर राग मानू नका." "मी कशाला राग मानू." "एक विचारू? विचारायला दुसरं कुणी नाही, म्हणून." हिराओकाला वाटलं, आता तो प्रश्न येणार, का आलात, का आला नाहीत इतकी वर्षं. तो मांडीवर हात ठेवून तयार होऊन बसला.

"ती शांततेत झोपत नाही," मोरिवाकी म्हणाला. "आमच्याकडे रात्री आवाज कसला? पानाचासुद्धा नाही. आली तेव्हापासून पोर पंखा लावून झोपते. बाहेर बर्फ पडतोय आणि ही पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवते. वारा नको असतो, घरघर हवी असते. आम्हाला सवय झाली, त्याचं काही नाही. पण मला वाटतं, कशाला भीत असेल का? लहानपणी काही झालं होतं का तिला? चिसातो म्हणते, आठवत नाही. म्हटलं, तुम्हाला..." आणि तो थांबला. पुढचं वळण फार हळू घेतलं त्यानं.

हिराओका खिडकीबाहेर बघत होता. बाहेर काही दिसत नव्हतं, नुसते देवदारांचे बुंधे मागे जात होते. आधी त्याला वाटलं, मला काय माहीत असणार, मी तर घरी नसायचोच. आणि मग पाठीला ऊब लागली. खरोखरची, कण्याच्या दोन्ही बाजूंना. पहिलं घर. खाली नाणं टाकून चालवायच्या धुलाई यंत्रांचं दुकान. शिओरी दोन-तीन महिन्यांची, चिसातोला रविवारी दुपारी तेवढीच काय ती झोप मिळायची. जा, तिला मोकळ्या हवेत फिरवून आण, ती म्हणायची. तो उद्यानात जायला निघायचा आणि जिना उतरून त्या दुकानातच शिरायचा, कारण उद्यानात इतर आया असायच्या आणि एवढीशी रडणारी पोर त्याला नीट धरता यायची नाही. दुकानात कुणी नसायचं. कपडे वाळवायच्या मोठ्या यंत्राच्या गरम दाराला पाठ लावून तो जमिनीवर बसायचा, पोर छातीवर. यंत्राची घरघर त्याच्या पाठीतून आत यायची, छातीतून तिच्यात जायची, आणि तिच्या मुठी एकेक बोट करून सुटायच्या. दर रविवारी. यंत्र थांबलं की ती चुळबुळायची, की तो खिशातलं पुढचं नाणं टाकायचा, रिकाम्या यंत्रात. वर गेल्यावर चिसातोनं विचारलं तर तो सांगायचा, उद्यानात गेलो होतो, बदकं बघितली.

त्यानं ते सांगितलं. अडखळत, मागचं पुढे, पुढचं मागे करत. बदकांचंसुद्धा सांगितलं. बोलताना त्याचा आवाज त्याला परका वाटत होता, कारण हे त्यानं कधी मोठ्यानं म्हटलंच नव्हतं, स्वतःशीसुद्धा नाही. स्टेशनचे दिवे दिसायला लागले तेव्हा मोरिवाकीनं ट्रक कडेला घेतला आणि इंजिन चालूच ठेवलं.

"म्हणजे भीती नाही," तो म्हणाला.

"नाही. भीती नाही."

मोरिवाकीनं मोठा श्वास सोडला, दोरी सोडल्यासारखा. "बरं झालं. फार बरं झालं. मी उगाच..." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. मग हिराओकाकडे न बघता, "अजून काही आहे का? म्हणजे तिचं लहानपणचं. काहीही. आमच्याकडे त्या वेळचं काहीच नाही."

हिराओकानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मत्स्यालयात ती काय बोलली होती? कोणता मासा आवडला होता? काच होती, निळा उजेड होता, तिचा हात होता आणि त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. त्यानं आणखी खोल हात घातला. हाताला काही लागेना.

"नाही हो," तो दार उघडत म्हणाला. "माझ्याकडे एवढंच होतं."